महाकाय दुर्बिणीचं अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स प्रयोगशाळेत कसं तपासायचं

पहिल्यांदा लूप, म्हणजे मोजा-सुधारा-पुन्हा मोजा हे चक्र, जोडला तो क्षण मला लख्ख आठवतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक वळवळणारा डाग होता, चुलीवरच्या वाफेपलीकडून दिवा दिसावा तसा. सहकाऱ्याने कळ दाबली आणि पापणी लवते न लवते तोच तो डाग गोळा होऊन टाचणीच्या टोकाएवढा ठिपका झाला, भोवती एक फिकट कडं. खोलीत टाळ्या वाजल्या. मग आमच्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "छान. पण हा ठिपका इतकाच चांगला का? याहून चांगला का नाही, आणि याहून वाईट का नाही?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. पुढचे चार महिने ते शोधण्यात गेले, आणि खरी चाचणी ती होती.

म्हणून या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: हिशेब जुळवणं. दुर्बिणीवर ताऱ्याचा प्रकाश येतो तेव्हा वरून हवेने नेमकं काय बिघडवून पाठवलं हे आपल्याला ठाऊक नसतं. प्रयोगशाळेत बिघाड आपणच घालतो, त्यामुळे उरलेल्या प्रत्येक नॅनोमीटरचा जाब विचारता येतो. ती संधी फक्त इथेच मिळते.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. गरम-थंड हवेच्या थरांतून येताना ताऱ्याचं सपाट तरंगाग्र, म्हणजे प्रकाशलाटेची पुढची पातळी, चुरगळतं. ते मोजायचं आणि लवचिक आरशाच्या पाठीमागचे बारीक दट्टे, म्हणजे अ‍ॅक्चुएटर ढकलून-ओढून सेकंदात शेकडो वेळा सपाट करत राहायचं, ही कल्पना होरेस बॅबकॉक यांनी १९५३ साली मांडली. खगोलशास्त्रात ती १९८९ साली फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत 'कम-ऑन' या प्रणालीने १.५२ मीटरच्या दुर्बिणीवर प्रत्यक्षात आणली. आज चिलीत ३९ मीटरची ईएलटी ही दुर्बीण उभी राहते आहे. तिच्या चौथ्या आरशाची सहा पाकळ्यांची काच दोन मिलिमीटरहून पातळ आहे आणि तिला पाच हजारांहून जास्त अ‍ॅक्चुएटर आहेत. ३० मीटरच्या टीएमटी या दुर्बिणीच्या प्रकल्पात भारत भागीदार आहे आणि आपल्याकडून बंगळुरूची आयआयए, नैनितालची एरीज आणि पुण्याची आयुका या खगोलसंस्था त्यात आहेत. शिवाय आधी पालोमारच्या दीड मीटर दुर्बिणीवर बसवलेली रोबो-एओ ही प्रणाली कॅलटेक आणि आयुका यांनी मिळून केली. म्हणजे हे काम मराठी विद्यार्थ्याच्या हाताशी येण्याजोगं आहे.

मी ३० मीटरची दुर्बीण समोर धरून, ३२ × ३२ अ‍ॅक्चुएटरच्या मेम्स, म्हणजे चिपसारख्या कोरून बनवलेल्या छोट्या, आरशावर चालणाऱ्या एका टेबलाचं उदाहरण घेते. तुमचे आकडे वेगळे असतील, क्रम हाच ठेवा.

पायरी १: प्रमाण ठरवा

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं, म्हणून जरा थांबून वाचा.

हवेची प्रत फ्राइड लांबीने सांगतात. एवढ्या रुंदीच्या तुकड्यावर तरंगाग्र बऱ्यापैकी सपाट असतं. ५०० नॅनोमीटरला ती १५ सें.मी. धरली, तर तरंगलांबीच्या १.२ घाताने वाढत १.६५ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशाला ती ६३ सें.मी. होते. ३० मीटरमध्ये अशा ४८ लांब्या बसतात. दुसरीकडे, प्रत्यक्ष दुर्बिणीत दोन अ‍ॅक्चुएटरमधलं अंतर साधारण अर्धा मीटर, म्हणजे फ्राइड लांबीच्या ०.८ पट.

हे दोन आकडे, ४८ आणि ०.८, एकाच वेळी सांभाळायला प्युपिलच्या, म्हणजे आरशावर पडणाऱ्या शलाकेच्या गोल छेदाच्या, व्यासावर साठेक अ‍ॅक्चुएटर लागतात. आपल्याकडे ३२ आहेत, म्हणजे ३१ घरं. ४८ चा हट्ट धरलात तर प्रत्येक घरात दीड फ्राइड लांबी येते, आरशाला तेवढं बारीक वळताच येत नाही, आणि बाकी सगळं निर्दोष असलं तरी निव्वळ या एका कारणाने स्ट्रेल ०.५६ च्या वर जात नाही. स्ट्रेल म्हणजे ठिपक्याचं शिखर आदर्श शिखराच्या किती पट भरतं ते. माझं मत स्पष्ट आहे: ०.८ राखा आणि ४८ सोडून २५ वर या. लूपचं वागणं घराच्या आकारावर ठरतं, आणि आपल्याला लूपच तपासायचा आहे. आपला प्युपिल १० मि.मी. आहे, म्हणून टेबलावरची फ्राइड लांबी ०.४ मि.मी. ठेवायची, तीही चाचणीच्या लेझरच्या ६३३ नॅनोमीटर तरंगलांबीला.

आता उंची. ३० मीटर ते १० मि.मी. म्हणजे ३००० पट. किरणशलाका जितक्या पट बारीक कराल तितक्या पट कोन मोठे होतात आणि अंतरं त्या पटीच्या वर्गाने आखूड होतात. आकाशातली १ कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, टेबलावर ५० अंश होते. १० किलोमीटर उंचीवरचा हवेचा थर आरशापासून १.१ मि.मी.वर येतो. असं टेबल बांधता येणार नाही. प्युपिल १०० मि.मी.चा केला तर ५ अंश आणि ११ सें.मी. असे माणसात बसणारे आकडे येतात, पण तेवढी मोठी भिंगं आणि आरसे कुठून आणायचे?

यातून वाट अशी निघते. एकाच दिशेच्या ताऱ्यावर काम करायचं असेल तर थराची उंची नीट नसली तरी फारसं बिघडत नाही. अनेक दिशांचं काम असेल, तर दोन ताऱ्यांच्या शलाका त्या थरावर एकमेकींपासून प्युपिलच्या कितव्या हिश्शाने सरकतात, तेवढं राखायचं. १ कला आणि १० किलोमीटरला हे सरकणं २.९ मीटर, म्हणजे ३० मीटरच्या जवळपास दहावा हिस्सा. टेबलावर दोन ताऱ्यांत १ अंश ठेवलात, तर १० मि.मी.च्या दहाव्या हिश्शासाठी थर साडेपाच सेंटिमीटरवर उभा करायचा. सहज जमतं. या तडजोडीत विवर्तनाचं, म्हणजे चमचमाटाचं प्रमाण मोडतं. ते मोडलं आहे हे वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे वर्षभराने कुणी या टेबलावरून चमचमाटाचा निष्कर्ष काढणार नाही.

शेवटी वारा. आकाशात १० मीटर प्रतिसेकंद वारा ६३ सें.मी.ची फ्राइड लांबी सेकंदात सुमारे १६ वेळा ओलांडतो. प्रत्यक्ष लूप ८०० हर्ट्झचा आणि तुमचा १०० हर्ट्झचा असेल, तर सगळा काळ आठ पट संथ: सेकंदाला दोन ओलांडण्या, म्हणजे ०.८ मि.मी. प्रतिसेकंद. हवेची नक्कल करणाऱ्या फिरत्या चकतीवर ४० मि.मी. त्रिज्येला शलाका पडत असेल तर चकतीची एक फेरी पाच मिनिटांहून थोडी जास्त. चकती इतकी हळू फिरते की नवख्याला ती बंद आहे असं वाटतं.

पायरी २: लूप जोडण्याआधी वही लिहा

काहीही मोजण्याआधी अपेक्षित चूक लिहून काढा. आपल्या टेबलाची वही अशी होते.

आरसा वळू शकत नाही इतक्या बारीक सुरकुत्या, म्हणजे फिटिंग: ०.८ चा पाच-तृतीयांश घात गुणिले ०.२८ रेडियन वर्ग, म्हणजे ६३३ नॅनोमीटरला ४५ नॅनोमीटर. त्याच सुरकुत्या तरंगाग्र मोजणाऱ्या सेन्सरला भलत्याच दिसतात, त्याचं एलियासिंग: फिटिंगच्या वर्गाच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश, २४ नॅनोमीटर धरू. लूपच्या उशिरामुळे: बँडविड्थ, म्हणजे लूप किती वेगाचा बदल पकडतो ते, फ्रेमदराच्या विसाव्या भागाएवढी, म्हणजे ५ हर्ट्झ धरली तर २३. सेन्सरचा नॉइज १५. कॅमेऱ्याच्या वाटेतला आणि सेन्सरला न दिसणारा दोष २०. खोलीतली हवा १०. शेवटचे तीन आकडे हिशेबाने येत नाहीत, ते तुम्ही स्वतःला घालून घेतलेल्या मर्यादा आहेत.

वर्गांची बेरीज करून मूळ काढलं की ६२ नॅनोमीटर, आणि ६३३ ला स्ट्रेल ०.६८. हा आकडा मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. तुमचा ठिपका ०.५० चा आला तर काहीतरी चुकलं आहे. ०.८५ चा आला तरीही काहीतरी चुकलं आहे, आणि ही दुसरी चूक जास्त घातक, कारण चांगला आकडा कुणी तपासत नाही.

पायरी ३: खोली आणि टेबल

हवेवर तरंगणारं टेबल, त्यावर पेटी, पेटीला आतून काळा कागद. एसीचा झोत टेबलावर नको. उपकरणं सुरू केल्यावर दोन-तीन तास तापमान स्थिरावू द्या.

एक अनुभव सांगते. आमचा ठिपका चकती थांबलेली असतानाही मंद डुलत असे. भिंगांचे स्क्रू तपासले, टेबलाचे पाय तपासले, काही सापडेना. शेवटी एकाने अगरबत्ती पेटवून पेटीच्या कडेला धरली. टेबलाखाली ठेवलेल्या विद्युत कपाटाची ऊब कडेने वर येऊन पेटीच्या फटीतून आत शिरत होती आणि नेमकी शलाकेवरून जात होती. कपाट शेजारच्या खोलीत नेलं आणि डुलणं गेलं. (पेटी बंद असताना, बाहेरून आणि क्षणभरच अगरबत्ती धरा. धुराचे कण भिंगांवर बसता कामा नयेत.)

मोजमाप सोपं आहे. चकती काढा, आरसा स्थिर ठेवा आणि तासभर तरंगाग्र नोंदवा. त्याचा चढउतार १० नॅनोमीटरच्या आत आला, तरच पुढे जा.

मेम्स आरसा असेल तर आणखी एक काळजी घ्या. दमट हवेत व्होल्टेज लावलं की त्याचे अ‍ॅक्चुएटर गंजतात. कोरडी हवा किंवा नायट्रोजन सतत सोडा आणि आर्द्रता वाढल्यास व्होल्टेज आपोआप तुटेल अशी सोय करा. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात ही सोय ऐच्छिक नाही.

पायरी ४: हवा बनवा, आणि ती तपासा

काचेवर कोरलेली किंवा अ‍ॅक्रिलिकवर थर चढवलेली फेज स्क्रीन, म्हणजे प्रकाशलाट मुद्दाम चुरगळणारी चकती, सर्वात भरवशाची, कारण तीच हवा पुन्हा पुन्हा मिळते. पंखा आणि हीटर लावून गरम हवा सोडण्याची पद्धत स्वस्त आहे, पण काल जी हवा होती ती आज मिळत नाही. स्पेशियल लाइट मॉड्युलेटर, म्हणजे प्रकाशलाटेला पिक्सेलागणिक आकार देणारा पडदा, हवी ती हवा दाखवतो, मात्र त्याचा वेग आणि एकाच तरंगलांबीचं बंधन आडवं येतं.

विक्रेत्याने दिलेला आकडा तसाच वहीत चढवू नका. स्क्रीन इंटरफेरोमीटरखाली, म्हणजे तरंगाग्राचा आकार थेट मोजणाऱ्या उपकरणाखाली, धरा, दोन बिंदूंमधलं अंतर वाढेल तसा फेजमधला फरक पाच-तृतीयांश घाताने वाढतो का ते पाहा आणि फ्राइड लांबी स्वतः काढा. नंतर कॅमेऱ्यावर दीर्घ एक्स्पोजर घेऊन डागाची रुंदी मोजा. ती रुंदी तरंगलांबी भागिले फ्राइड लांबी एवढी यायला हवी. दोन वाटांनी काढलेले आकडे जुळले, तरच तो आकडा तुमचा.

चकतीला दोन मर्यादा आहेत. शलाकेची आतली कड हळू फिरते आणि बाहेरची वेगाने, त्यामुळे वारा सगळीकडे सारखा नसतो. दुसरं म्हणजे, फेरी पूर्ण झाली की तीच हवा परत येते. ४० मि.मी. त्रिज्येच्या परिघात १० मि.मी.चे जेमतेम २५ प्युपिल बसतात. पुढची हवा ओळखणारं नियंत्रण तपासत असाल तर ते चकती पाठ करून टाकेल आणि तुम्हाला खोटं यश दाखवेल. दोन चकत्या वेगवेगळ्या वेगांनी फिरवल्या की हा धोका बराच टळतो.

पायरी ५: आरसा एकटा

इंटरफेरोमीटरसमोर एकेक अ‍ॅक्चुएटर ढकला. किती उचलला जातो, शेजारच्यांना किती ओढतो, व्होल्टेज परत घेतल्यावर मूळ जागी येतो का, हे सगळं नोंदवा. पिझो आरशात परतीची वाट वेगळी असते, मेम्समध्ये हा दोष जवळपास नसतो. मेलेले अ‍ॅक्चुएटर नकाशावर लाल करा. सर्वात सपाट आकाराची व्होल्टेजं साठवा.

उचल पुरेल का ते आधीच कळतं. आपल्या हवेचा एकूण चुरगळा दीड मायक्रॉनच्या आसपास, आणि त्याच्या वर्गातला सुमारे ८७% भाग नुसत्या कलण्याचा असतो. कलणं वेगळ्या टिप-टिल्ट आरशाकडे द्या. उरतात ५४० नॅनोमीटर. परावर्तनात प्रकाश दोनदा फायदा घेतो, म्हणून आरशाला त्याच्या निम्मंच हलायचं असतं. पण टोकाच्या क्षणांसाठी याच्या सहापट, म्हणजे १.६ मायक्रॉन उचल हवी.

पायरी ६: सेन्सर एकटा

शॅक-हार्टमन सेन्सरमध्ये लेन्सलेटची जाळी असते आणि प्रत्येक भिंगाखाली एक ठिपका. ३१ × ३१ च्या जाळीत गोल प्युपिलखाली साधारण ७५५ ठिपके येतात. सपाट तरंगाग्र द्या आणि संदर्भ-जागा नोंदवा. मग टिप-टिल्ट आरशाने ठरावीक कोनांनी शलाका हलवा आणि सेन्सर त्याच प्रमाणात उत्तर देतो का पाहा. चार पिक्सेलांवर ठिपका मोजत असाल तर उत्तर ठिपक्याच्या आकारावर अवलंबून राहतं. ठिपका फुगला की सेन्सर कमी सांगतो. पिरॅमिड सेन्सरमध्येही तेच होतं, हवा जितकी वाईट तितकं उत्तर थिटं. म्हणून ही मोजणी उजळ, मंद, स्वच्छ आणि चुरगळलेल्या प्रकाशात वेगवेगळी करा.

पायरी ७: आरसा आणि सेन्सर एकमेकांवर बसवा

हे हाताचं काम आहे. चौकोनाच्या कोपऱ्यांवरचे चार अ‍ॅक्चुएटर एकदम ढकला. सेन्सरच्या चित्रात प्रत्येक अ‍ॅक्चुएटरभोवतीचे चार ठिपके चहूबाजूंना समान पांगायला हवेत, फुलाच्या पाकळ्या उघडाव्यात तसे. एका बाजूचे जास्त पांगले तर प्युपिल तिकडे सरकला आहे. चारही फुलं एकाच दिशेने वळली असतील तर जाळी फिरली आहे. चारही बाहेर गेली असतील तर वर्धन चुकलं आहे. आधी फिरणं काढा, मग वर्धन, मग सरकणं. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक दुरुस्ती मागची बिघडवते. चूक एका घराच्या दहाव्या हिश्शाच्या आत आणा.

पायरी ८: मॅट्रिक्स

प्रत्येक अ‍ॅक्चुएटर थोडा वर, थोडा खाली, दोन्हींतला फरक. अशा नोंदींची मिळून इंटरॅक्शन मॅट्रिक्स बनते आणि ती उलटवली की सेन्सरच्या दीड हजार आकड्यांतून आरशाची आज्ञा निघते. एकेक अ‍ॅक्चुएटर हलवण्याऐवजी हॅडामार्ड नक्षीने सगळे एकदम वर-खाली हलवले तर तेवढ्याच वेळात नॉइज खूप कमी होतो.

उलटवताना दुबळ्या मोड, म्हणजे सेन्सरला जेमतेम दिसणारे आरशाचे आकार, गाळाव्या लागतात. त्यात एक ठरलेला शत्रू आहे, वॅफल. अ‍ॅक्चुएटर घरांच्या कोपऱ्यांवर असतात, आणि ते बुद्धिबळाच्या पटासारखे एक वर एक खाली झाले तर प्रत्येक घराचा सरासरी उतार शून्यच राहतो. सेन्सरला काही दिसत नाही, आरसा मात्र खडबडीत होत जातो. कॅमेऱ्यावर मुख्य ठिपक्याभोवती चार जादा ठिपके चौकोनात उगवले की वॅफल समजा. ती मोड आधीच काढून टाका, किंवा इंटिग्रेटरला, म्हणजे प्रत्येक दुरुस्ती मागच्या आज्ञेत मिळवत जाणाऱ्या नियंत्रणाला, किंचित गळती द्या. प्रत्येक फ्रेमला जुन्या आज्ञेचा ०.९९ भागच पुढे न्यायचा.

एका तासाच्या अंतराने दोन मॅट्रिक्स घ्या आणि वजा करा. फरक नॉइजइतकाच असेल तर टेबल स्थिर आहे.

पायरी ९: लूप

गेन म्हणजे मोजलेल्या चुकीचा किती भाग एका फ्रेममध्ये दुरुस्त करायचा ते. चकती थांबवून, अगदी कमी गेनने सुरू करा, ०.०५ ने. आरसा शांत राहिला की चकती फिरवा, गेन चढवा. एकूण उशीर दोन फ्रेमचा असेल तर साधा इंटिग्रेटर गेन १ ला कोसळतो, व्यवहारात ०.३ ते ०.५ वर थांबावं. उशीर किती आहे हे गृहीत धरू नका. आरशाला अचानक एक धक्का द्या आणि सेन्सरला तो कितव्या फ्रेमला दिसतो ते मोजा.

मग लूप सोडून आणि लूप जोडून, दोन्ही वेळच्या नोंदींचे वारंवारता-आलेख काढून भागाकार करा. कमी वारंवारतेला दोष दाबलेला दिसेल, एका वारंवारतेनंतर उलट वाढलेला. गादी एका बाजूला दाबली की दुसरीकडे फुगते, तसंच. फुगवटा जिथे सुरू होतो ती लूपची खरी मर्यादा.

पायरी १०: ठिपका मोजा आणि हिशेब मागा

कॅमेऱ्यावर ठिपक्याच्या रुंदीत किमान दोन पिक्सेल यायला हवेत. ६३३ नॅनोमीटर आणि ५ मायक्रॉन पिक्सेलला शलाका एफ/१६ (फोकसपर्यंतचं अंतर व्यासाच्या १६ पट) किंवा त्याहून निमुळती लागते. पार्श्वभूमी वजा करताना सर्वाधिक चुका होतात. पसरट प्रकाशाची थोडी झालर चुकून कापली गेली तरी एकूण प्रकाश कमी भरतो आणि स्ट्रेल फुगतो. सेन्सरला न दिसणारा दोष फोकसमधलं एक चित्र आणि ठरावीक फोकस बिघडवून घेतलेलं दुसरं चित्र यांतून काढा, आणि सेन्सरच्या संदर्भ-जागांत उलट भरून टाका.

आता भिंतीवरचा ०.६८ आठवा. आकडा जुळला नाही तर एका वेळी एकच खातं बंद करा. चकती थांबवा: उशिराची चूक शून्य व्हायला हवी. वेग निम्मा करा: तिचा वर्ग ३.२ पटीने घटायला हवा, म्हणजे २३ चे १३ नॅनोमीटर. घटलाच नाही, तर तुम्ही ज्याला उशीर म्हणत होतात तो उशीर नव्हता. प्रकाश चौपट करा: नॉइजचं खातं उतरायला हवं. चकती काढून टाका: उरेल ते कॅमेऱ्याच्या वाटेचं, नॉइजचं आणि खोलीचं. आकडा जुळला तरीही ही सगळी फेरी करा. दोन चुका एकमेकींना झाकून बरोबर बेरीज दाखवतात, हे मी दोनदा पाहिलं आहे.

पायरी ११: जे फक्त महाकाय दुर्बिणींना भोगावं लागतं

लेझरने बनवलेला कृत्रिम तारा सुमारे ९० किलोमीटरवरच्या सोडियमच्या थरात चमकतो, आणि तो थर दहाएक किलोमीटर जाड. लेझर दुर्बिणीच्या एका कडेने सोडला, तर ३० मीटर पलीकडच्या कडेवरून तो तारा बिंदू दिसत नाही, साडेसात विकलांची रेघ दिसते. टेबलावर कृत्रिम ताऱ्याचा फोकस वेगाने मागे-पुढे हलवून ही रेघ बनवता येते. सेन्सरच्या एका कडेचे ठिपके गोल आणि दुसऱ्या कडेचे लांबट, असं चित्र दिसलं पाहिजे. रेघेचा उजेड एकसारखा ठेवू नका. थराची घडण मिनिटामिनिटाला बदलते, आणि ठिपक्याचा मध्य काढणारी पद्धत तिथेच फसते.

याहून नाजूक गोष्ट थराच्या सरासरी उंचीची आहे. ती १ मीटरने सरकली की ३० मीटर दुर्बिणीत ४ नॅनोमीटरची फोकसची चूक येते. ८ मीटर दुर्बिणीत हीच चूक ०.३ नॅनोमीटर, म्हणून पूर्वी फारसं कुणाला जाणवलं नाही. शेजारच्या एखाद्या खऱ्या ताऱ्याने फोकस सतत तपासावा लागतो, आणि टेबलावर तो दुसरा, संथ लूप लावून दोन लूप एकमेकांशी भांडत नाहीत ना हे पाहायचं.

दुय्यम आरसा धरणाऱ्या तुळयांची सावली प्युपिलचे तुकडे करते. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवरच्या स्फीअर उपकरणात वारा पडलेल्या रात्री थंडगार तुळयांलगतची हवा निवते आणि दोन तुकड्यांमध्ये पायरी पडते. सेन्सरला उतार दिसतो, पायरी नीट दिसत नाही. पातळ पत्र्यातून तुळयांचा मुखवटा कापून प्युपिलवर लावा आणि एका तुकड्यावर मुद्दाम ठरावीक पायरी घाला. तुमची प्रणाली ती ओळखते का? ही चाचणी टाळू नका.

पूर्ण आकाराचा आरसा तपासायचा असेल तर टेबल पुरत नाही. अ‍ॅरिझोनातल्या एलबीटी दुर्बिणीचा ६७२ अ‍ॅक्चुएटरचा दुय्यम आरसा फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्रीच्या जुन्या सौर मनोऱ्यात उभा करून तपासला. तो अंतर्वक्र असल्यामुळे प्रकाश परत पाठवता आला, आणि हवेसाठी चकती न वापरता आरशालाच हवेसारखं थरथरायला सांगितलं. कल्पना किती सुंदर! जो दुरुस्त करतो तोच बिघाडही घालतो, त्यामुळे घातलेला बिघाड अंशाअंशाने ठाऊक असतो. २०१० साली आकाशाखाली त्याने अवरक्त प्रकाशात ६० ते ८०% स्ट्रेल दिला. व्हीएलटीचा ११७० अ‍ॅक्चुएटरचा आरसा बहिर्वक्र, त्याला हा मार्ग बंद. त्याच्यासाठी जर्मनीतल्या गार्चिंगमध्ये दीड मीटरहून मोठ्या आरशाचं 'असिस्ट' नावाचं स्वतंत्र टेबल बांधलं आणि फिरत्या स्क्रीन लावून सेन्सरांसकट सगळं तिथे चालवून मगच २०१६ साली चिलीत बसवलं. दुर्बिणीवर त्या आरशाच्या आधी कृत्रिम दिवा ठेवायला जागाच नव्हती, त्यामुळे प्रयोगशाळेत जे कळलं त्याला पर्याय नव्हता.

जेमिनी दुर्बिणीचं जीपीआय उपकरण, ज्यात ४०९६ अ‍ॅक्चुएटरचा मेम्स आरसा आहे, तेही कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या प्रयोगशाळेत जोडून, तपासून मग चिलीला गेलं आणि २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने पहिला प्रकाश पाहिला. टीएमटीच्या 'नफिराओस' प्रणालीला तर उणे ३० अंश सेल्सिअसला काम करायचं आहे. तुमच्या खोलीत २२ अंशांवर जे चाललं ते तिथे चालेलच असं नाही, म्हणून निदान अ‍ॅक्चुएटरांची उचल थंडीत वेगळी मोजा.

पायरी १२: रात्रभर चालू द्या

सगळं जुळल्यावर लूप जोडून, माणसाविना, बारा तास चालू ठेवा. मधेच प्रकाश आपोआप दोन सेकंद तोडा, एक अ‍ॅक्चुएटर मेल्यासारखा वागवा, सेन्सरच्या काही फ्रेम गाळा. प्रत्येक वेळी लूप सुरक्षित सुटतो आणि पुन्हा जोडला जातो का हे नोंदीत दिसलं पाहिजे. आज्ञा आणि उतार दोन्ही पूर्ण वेगाने साठवा. सकाळी हवा तो क्षण पुन्हा चालवून पाहता येतो, आणि बिघाड बहुतेक वेळा पहाटे तीन-साडेतीनला झालेला असतो.

बंद करतानाचा क्रम टेबलावर चिकटवून ठेवा: आधी लूप सोडा, आरसा सपाट करा, व्होल्टेज हळूहळू शून्यावर आणा, लेझर बंद करा, चकती थांबवा. कोरड्या हवेची नळी शेवटपर्यंत चालू ठेवा. ती तुम्ही घरी गेल्यावरही चालू राहिली पाहिजे.